दुसऱ्यांदा बघायचा धीर न झालेले सिनेमे

खिडकीजवळची | शनिवार, रात्री १०:५०

गेल्या रविवारी मावसबहीण राहायला आली होती. जेवणं झाल्यावर म्हणाली, "चल, काहीतरी चांगलं बघू," आणि लॅपटॉपवर 'अस्तु' लावला. मी मेथी निवडायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन बसले. रात्री साडेनऊला मेथी! तिनं आतून विचारलं, "तुला आवडत नाही का गं?" आता काय सांगू, आवडतो म्हणूनच उठले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडा, गोष्ट फुटणार आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा, थिएटरला २०१६ मध्ये आला. डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे गाढे पंडित आहेत, चक्रपाणी शास्त्री. स्मृतिभ्रंश झालाय. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून जरा दुकानात जाते. रस्त्यानं हत्ती चाललेला असतो आणि हे लहान पोरासारखे त्याच्या मागे चालू लागतात. पुढे घरचे सगळे त्यांना शोधतायत आणि ते मात्र माहुताच्या बायकोत, चन्नम्मात, आपली आई शोधतायत. ती चन्नम्मा अमृता सुभाषनं केलीय, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला त्यासाठी.

हा मी बाबांबरोबर पाहिला होता, कोथरूडला. बाबा तेव्हा ठणठणीत. बँकेतून रिटायर होऊन सहा वर्षं झालेली, रोज सकाळी पर्वती चढून यायचे आणि वर किती पायऱ्या झाल्या ते ऐकवायचे. २०१९ च्या सुमारास किल्ल्या हरवायला लागल्या. तिकडे कोणी फार लक्ष दिलं नाही, कारण किल्ल्या आमच्याकडे सगळ्यांच्याच हरवतात. मग एके दिवशी मी ऑफिसातून आले तर दार उघडून मला म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?" गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेले.

त्या सिनेमात मला हत्ती बघवतो. शोधाशोधही बघवते. नाही बघवत तो इरा त्यांना गाडीत ठेवून निघते तेवढा तुकडा. कारण मीही दार ओढून घेतलंय. कोपऱ्यावरून दूध आणायचं, दहा मिनिटांचं काम, म्हणून बाहेरून कडी. एकदा नेमकी लिफ्ट अडकली आणि दहाची चाळीस झाली. कडी काढली तर दार उघडेना. बाबा आतून दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. हातात एकच चप्पल.

तुमचे असे सिनेमे कोणते? रद्दड म्हणून सोडलेले नकोत. फार चांगला होता म्हणून पुन्हा बघायचा धीर झाला नाही, असे.

शनिवारपेठी | शनिवार, रात्री ११:०५

रडायला सिनेमा कशाला हवा, महावितरणचं बिल पुरतं. आम्ही अशोक सराफ एके अशोक सराफ.

(ताई, चप्पल वाचून गप्प झालो. वरचं आधी टाइप झालं होतं, आता राहू दे.)

आठ_बाय_दहा | शनिवार, रात्री ११:४०

'श्वास'.

संदीप सावंत यांचा, २००४ चा. 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं १९५४ मध्ये, त्यानंतर थेट पन्नास वर्षांनी मराठीकडे सुवर्णकमळ आलं ते 'श्वास'मुळे, हे तेव्हा वर्तमानपत्रांत रोज छापून यायचं. म्हणून शाळेनं आम्हाला नेलं. आठवीत होतो. अर्धा वर्ग पॉपकॉर्नवर भांडत होता. नातवाच्या डोळ्यात कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल, आणि ते त्या पोराला आधी सांगायला हवं असं डॉक्टर म्हणतात. आजोबा झालेल्या अरुण नलावड्यांच्या तोंडून ते काही निघत नाही. मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते त्याला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर काढतात, शहर दाखवायला. आठवीतल्या मला वाटलं, वा, मजा आहे याची.

आता मी फोटोग्राफर आहे. लग्नं, मुंजी, बारशी. पाच वर्षांपूर्वी माझ्याच मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो रात्री बसून निवडत होतो. एका फोटोत तिचा एक डोळा फ्लॅशनं लाल आलेला आणि दुसऱ्याच्या मधोमध पांढरा गोल. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसणं ही त्याच आजाराची खूण असू शकते आणि आजार बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, हे मला 'श्वास'नंतर कुठेतरी वाचून पाठ होतं. मी तो फोटो चारशे टक्के मोठा केला. मग बायकोला उठवलं नाही. सकाळपर्यंत तसाच बसून होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, अर्धा तास बसवून ठेवलं, मग सावकाश तपासलं. काही नव्हतं. ते म्हणाले, मूल कॅमेऱ्याकडे सरळ न बघता जरा तिरकं बघत असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या मज्जातंतूच्या तोंडावरून उजेड परत येतो आणि असा पांढरा ठिपका उमटतो. वर हेही म्हणाले, आलात ते बरं केलंत, असं दिसलं तर दर वेळी या, फोटो बघून घरी निकाल लावू नका.

त्या अर्ध्या तासात मुलगी वेटिंग रूममध्ये विचारत होती, "बाबा, सगळं धूसर का दिसतंय?" श्वास घराघरात फुकट दाखवला तरी मी बघणार नाही.

पेन्सिल | रविवार, सकाळी ७:१५

ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज, जपानी ॲनिमेशनपट. १९८८. चघळायच्या गोळ्यांचा तो डबा. बास, सकाळी सकाळी एवढंच.

लॉ_कॉलेज_रोड | रविवार, सकाळी ९:३०

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर लिहितो.

शनिवारपेठी | रविवार, सकाळी ९:३२

या धाग्यावर रुमाल टाकायला नको, वापरायला हवा.

लॉ_कॉलेज_रोड | रविवार, दुपारी १२:१०

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली', १९५५. चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात पहिल्यांदा पाहिला, तेव्हा विशीत होतो आणि सगळं माहीत होतं.

हरिहर बऱ्याच महिन्यांनी गावी परत येतो. घर पडलेलं. तो पिशवीतून एकेक वस्तू काढून बायकोपुढे ठेवत जातो आणि शेवटी मुलीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी काढतो. दुर्गा गेलीय हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. सर्बजया ती साडी तोंडाशी धरते आणि फुटते. पण तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. तिथे रायनी तारशहनाईचा उंच सूर ठेवलाय. संगीत पंडित रविशंकरांचं. तोंड तिचं हलतंय, आवाज वाद्याचा.

मी ध्वनीचं काम करतो. पुढे एकदा अभ्यास म्हणून तो तुकडा आवाज पूर्ण बंद करून बघायला घेतला. म्हटलं, सुराशिवाय किती उरतं ते मोजू. नाही मोजता आलं, कारण ऐकू येतच राहिलं. त्यानंतर तो सिनेमा मी परत लावलेला नाही. विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हासुद्धा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो.

माझं मत असं की, ज्या सिनेमात पडद्यावरची माणसं धो धो रडतात तिथे प्रेक्षकाला काही काम उरत नाही. 'सैराट'च्या शेवटी सगळा आवाज काढून घेतलाय, आठवा. तो मुलगा, ती लाल पावलं आणि थिएटरातली शांतता. तिथे एक व्हायोलिन घातलं असतं तरी सिनेमा पडला असता. याउलट आपल्याकडचे कौटुंबिक रडपट, सासू, सून, भाऊबीज, हे म्हणजे कांदा चिरून डोळ्यासमोर धरायचा प्रकार.

मोरपंखी_धागा | रविवार, दुपारी १:००

कांदा म्हटलात म्हणून लिहिते. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा माझी आई तीनदा गेली. आमच्या वाड्यातल्या बायका घोळक्यानं जायच्या, दुपारच्या खेळाला, घरचं आटोपून. मी दहा वर्षांची, मलाही ओढत न्यायची. अलका कुबल पडद्यावर सोसतेय आणि खाली सगळं बायकांचं थिएटर हुंदके देतंय. मला तर हसू आवरेना, आईनं चिमटा काढला.

पुढे मोठी झाल्यावर कळलं की त्यातल्या दोघींना घरी मार होता. एकीला तीन वर्षं माहेरी पाठवलेलं नव्हतं. त्यांना वाड्यात रडायची सोय नव्हती. एका नळावर सात बिऱ्हाडं, रडणार कुठे? तिथे अंधारात तीन तास मोकळीक होती आणि कोणी विचारलं तर सांगायला होतं की, अहो, सिनेमाच तसा आहे.

सिनेमा म्हणून तो कसा आहे ते तुम्ही ठरवा. पण कांदा म्हणू नका हो.

लॉ_कॉलेज_रोड | रविवार, दुपारी १:२५

कांदा मागे घेतो. बाकी मत तसंच आहे.

शनिवारपेठी | रविवार, दुपारी १:२६

शंभर प्रतिसादांच्या आत इथे कोणी काहीतरी मागे घेतलं! नोंद व्हावी.

माळ्यावरची_ट्रंक | रविवार, संध्याकाळी ६:४५

मुलांनो, मी अडुसष्ट वर्षांची आहे, माझं जुनंच असणार. प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. कोल्हापूरहून ते १९३३ मध्ये इकडे आले.

मी पाहिला तो मात्र टीव्हीवर. वाड्यात एकाच बिऱ्हाडात टीव्ही. आज्जी त्यांच्या उंबऱ्याबाहेर चपला काढायची, त्या सगळेच काढतात, पण ही आत गेल्यावर टीव्हीला नमस्कार करून, पदर डोक्यावर घेऊन खाली सतरंजीवर बसायची. खुर्ची दिली तरी नाही. तुकाराम झालेले पागनीस दिसले की हात जोडायची. मला वाटायचं, ही शेवटी वैकुंठगमनाला रडणार. सगळे तिथेच रडायचे.

आज्जी रडायची ती जिजाईला बघून. तुम्ही पाहिलाय का? ती जिजाई म्हणजे काय बाई आहे! घरात दाणा नाही, पोर तापलंय, नवरा अभंगात. ती पायातलं पायताण घेऊन थेट विठोबासमोर जाते. म्हशीला धुतानासुद्धा बडबडतेय, नवऱ्यावर करवादतेय, आणि जीव तर सगळा त्याच्यावरच. शेवटी विमान वर जातं, टाळमृदंग, फुलं, आणि ती खाली. आज्जी नाक पुसत म्हणायची, "गेला तो सुटला गं. ही राहिली म्हशीपाशी."

आमचे आजोबा चाळिशीत संन्यास घेतो म्हणून घर सोडून गेले होते. हे मला आज्जीच्या तोंडून कधीच कळलं नाही, ती गेल्यावर आत्यानं सांगितलं. तेव्हापासून तो सिनेमा लागला की मी चॅनल बदलते. ह्यांना वाटतं, मला जुने सिनेमे आवडत नाहीत.

पेन्सिल | रविवार, संध्याकाळी ७:००

आज्जी _/\_

भीमथडी | रविवार, रात्री ११:५५

बराच वेळ लिहू की नको चाललं होतं.

'फँड्री'. फेब्रुवारी २०१४. मी तेव्हा पुण्यात नवा, कर्वेनगरला चौघांत एक खोली. रूममेट म्हणाले, नवा मराठी आलाय, मस्त गावरान आहे, चल. मी नागराज मंजुळेंच्या तालुक्याच्या शेजारचा, पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. बरंच काही सांगितलं नव्हतं.

जब्याच्या घरच्यांना डुक्कर धरायला लावतात तो भाग आला. सगळं कुटुंब पळतंय, बाप झालेला किशोर कदम ओरडतोय, जब्या शाळेतल्या पोरांनी बघू नये म्हणून लपतोय. डुक्कर हातात येणार तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर चाललं निघून. थिएटर खदाखदा हसलं. माझे तिघे हसले.

मीही हसलो.

लोक या सिनेमाबद्दल बोलतात तेव्हा शेवटच्या दगडाबद्दल बोलतात, जो जब्या आपल्याकडे भिरकावतो आणि पडदा काळा होतो. तो दगड थिएटरातल्या बाकीच्यांना लागला असेल. मला तो अर्धा तास आधीच लागला होता. पुढे डुक्कर काठीला बांधून नेतात, मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले, सगळ्यांची चित्रं, तिथे मी पडद्याकडे बघतच नव्हतो, शेजारच्याच्या हातातल्या समोश्याकडे बघत होतो. त्यानं विचारलं, "हवाय का?" घेतला. खाल्ला.

दहा वर्षं झाली. त्यातला एक अजून जवळचा मित्र आहे. त्याला गेल्या दिवाळीत घरी नेलं, आईच्या हातचं जेवला, वाड्यावस्तीवर फिरला. परत येताना गाडीत टेंभुर्णीच्या पुढे कुठेतरी म्हणाला, "तू त्या दिवशी बोलला का नाहीस रे?" कुठला दिवस, ते मी विचारलं नाही.

मोरपंखी_धागा | सोमवार, सकाळी ८:१०

वाचलं, दादा.

लॉ_कॉलेज_रोड | सोमवार, सकाळी ९:००

मीही त्या राष्ट्रगीताच्या जागेबद्दल वर्गात 'उत्कृष्ट उपरोध' असं सांगत आलोय. या वर्षी काय सांगायचं ते बघतो.

एकटी_पालक | सोमवार, दुपारी २:२०

'किल्ला'. वडील गेल्यावर अकरा वर्षांचा मुलगा आईबरोबर पुणं सोडून कोकणात जातो. माझा मुलगा तेव्हा अकराचाच आणि त्याचे वडील जाऊन वर्ष झालेलं. मैत्रीण म्हणाली, नेऊ नकोस. मी नेलं. मित्र त्याला भर पावसात किल्ल्यावर एकट्याला सोडून जातात तिथे यानं माझा हात धरला नाही, मीच त्याचा धरला. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाला, "त्याची आई पण रडत नाही, आई." 'पण' या शब्दावर मी सिग्नल तोडला.

बाकी लिहीत नाही, ऑफिसात आहे.

शनिवारपेठी | सोमवार, रात्री १०:००

बरं. सगळे लिहितायत तर मीही लिहितो, पण सिनेमाचं नाव सांगणार नाही, कारण तो विनोदी आहे. खरंच विनोदी आहे, लोक पोट धरून हसतात. मी आणि माझा मोठा भाऊ कॅसेट लावून तो रोज बघायचो, सगळे संवाद पाठ. एक वाक्य तो म्हणायचा, पुढचं मी. दादा कोविडमध्ये गेला. टीव्हीवर तो सिनेमा लागतोच लागतो, आठवड्यातून दोनदा तरी. त्याचं वाक्य येतं आणि मग माझं येतं.

म्हणून आवाज बंद करतो. लॉ कॉलेज रोडवाले म्हणतात ते खरं आहे, तरी ऐकू येतं.

माळ्यावरची_ट्रंक | सोमवार, रात्री १०:२०

शनिवारपेठी, कधी इकडे आलात तर जेवायला या. थट्टा नाही.

शनिवारपेठी | सोमवार, रात्री १०:२४

दुपारी एक ते चार सोडून कधीही येईन, आजी.

खिडकीजवळची | शुक्रवार, रात्री ११:३०

सगळ्यांचं वाचत होते, उत्तर देता आलं नाही. एक सांगायचं राहिलं होतं. खरं म्हणजे राहिलं नव्हतं, टाळलं होतं.

'अस्तु' बघून बाहेर पडलो तेव्हा मी इरावर भयंकर चिडले होते. पार्किंगमध्ये स्कूटर काढता काढता बाबांना म्हटलं, "असं कसं सोडून जाते ती? दोन मिनिटं धीर नाही? स्वतःचे वडील आहेत ना?" बाबा हेल्मेटचा पट्टा लावत होते, तो त्यांना कधीच नीट लागायचा नाही. पट्ट्याशी झटापट करत म्हणाले, "अगं, तिला नसतील का कामं? दुकानात काय हौसेनं गेली होती? म्हाताऱ्याला हत्ती दिसला, तो गेला. पोरीचं काय चुकलं त्यात?" आणि मग, "चल, घरी दूध नाहीये, वाटेत घ्यायचंय."

हे मी सहा-सात वर्षं विसरून गेले होते. आठ_बाय_दहा, तुम्ही तुमच्या मुलीचं लिहिलंत तेव्हा मला एकदम तो हेल्मेटचा पट्टा आठवला. का ते माहीत नाही.

काल रात्री लावला सिनेमा. एकटीनंच. इरा गाडीतून उतरते तिथपर्यंत आले, थांबवला, आणि उठून दूध तापवायला ठेवलं. मग परत येऊन लावला.

शनिवारपेठी | शुक्रवार, रात्री ११:३४

दूध उतू गेलं का?

खिडकीजवळची | शुक्रवार, रात्री ११:३५

गेलं. पातेलं अजून भिजत घातलंय.